नाकाचा साकव

यंदा पावसाच्या आधी घराचे नळे परतायला माणसे आली, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून बाबांची एक वही खाली आली. मुळात ती गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारातल्या कुणा दुकानदाराने दिलेली जाडजूड खतावणी. जमाखर्चाच्या तांबड्या-निळ्या रेघांवरच बाबांनी वर्तमानपत्रांतून कापलेली व्यंगचित्रे पिठाच्या खळीने चिकटवली होती. खळ कसरीला फार आवडते; त्यामुळे कित्येक पुढाऱ्यांचे कान, टोप्या आणि काहींची अख्खी धडे आता नाहीशी झाली आहेत. प्रत्येक कात्रणाखाली मात्र बाबांच्या मास्तरी अक्षरात तारीख, वर्तमानपत्राचे नाव आणि बहुतेक ठिकाणी एखादाच शेरा आहे: 'खरे', 'अर्धे खरे', 'वाह्यात'. एका चित्राखाली 'हे आपल्याकडेही' असे लिहिले आहे. चित्र मुंबईच्या रस्त्यांवरील खड्ड्यांचे आहे.

मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र या वाटेने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलांना बसवले, आणि वर्षातून एखादा तास व्यंगचित्रासाठी राखून ठेवला. त्या तासाला हटकून एखादा मुलगा विचारायचा की सर, या चित्रांनी काही फरक पडतो का. माझ्याकडे त्यासाठी एक तयार गोष्ट होती आणि ती मी दरवर्षी त्याच उत्साहाने सांगत असे. बाबांची वही चाळल्यापासून ती गोष्ट मी फारच सोपी करून सांगत होतो असे मला वाटू लागले आहे.

गोष्ट न्यूयॉर्कची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे विल्यम ट्वीड नावाचा पुढारी महापालिकेची तिजोरी आपल्या टोळीसह खुशाल लुटत होता. 'हार्पर्स वीकली'चा चित्रकार थॉमस नॅस्ट याने १८७१ मध्ये त्याला असा काही धारेवर धरला की पोट सुटलेल्या, हिऱ्याची पिन लावलेल्या ट्वीडखेरीज दुसरा ट्वीड लोकांच्या डोळ्यांसमोर येईना. लेखांचे मला काही वाटत नाही, माझ्या मतदारांना वाचता येत नाही, पण चित्रे त्यांना दिसतात, अशी कुरकुर त्याने केल्याचे सांगतात. पुढे तो कैदेतून पळाला, क्युबामार्गे स्पेनला पोहोचला, आणि १८७६ मध्ये व्हिगो बंदरात तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला ओळखले ते नॅस्टच्या एका चित्रावरून. मुलांना हा शेवट अतोनात आवडे. चित्राने चोर पकडला! घंटा व्हायची आणि आम्ही सगळे समाधानाने वर्गाबाहेर पडायचो.

मी मुलांना सांगत नसे ती बाजू अशी. त्याच नॅस्टने त्याच १८७१ सालच्या सप्टेंबरात 'अमेरिकेतली गंगा' अशा अर्थाच्या मथळ्याचे एक चित्र काढले. त्यात नदीतून मगरी काठावर सरपटत येत आहेत आणि काठावर शाळेची मुले भेदरून उभी आहेत. निरखून पाहिले की कळते, मगरींचे उघडे जबडे म्हणजे कॅथलिक बिशपांच्या टोप्या आहेत. आयर्लंडहून आलेल्या गरीब मजुरांना तर नॅस्ट सर्रास माकडाचा चेहरा देत असे. माझ्या वर्गात निम्मी मुले कॅथलिक असत. एकदा ग्रंथालयातल्या पुस्तकात ते चित्र सापडले तेव्हा मी पुस्तक मिटून परत ठेवले. आपल्या गंगेला त्यात कशाला ओढले, हा राग वेगळाच. रेषा तीच, हात तोच आणि कौशल्यही तेच; एकदा ती रेषा तिजोरीवर बसलेल्या माणसाकडे वळली, आणि एकदा बोटीतून नुकत्याच उतरलेल्या, खिशात दमडी नसलेल्या माणसाकडे.

या दोन दिशांमधला फरक मला पंधराव्या वर्षी शिकवला गेला होता. तो मी पुढे विसरलो.

ते वर्ष १९७६. देशात आणीबाणी होती आणि बाबा सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते, म्हणजे घाबरायला दोन कारणे होती. आमच्या वाड्यावरच्या वाचनालयाचे हस्तलिखित दरवर्षी चतुर्थीला निघे. कविता, चार-दोन कथा, 'आमचे ग्रामदैवत' या विषयावरचा ठरलेला लेख, आणि मधल्या कोऱ्या जागा भरायला माझी चित्रे. त्या वर्षी मी दोन व्यंगचित्रे काढली. वाड्याला शाळेपासून तोडणारा एक व्हाळ होता आणि त्यावर माडाचे दोन ओंडके टाकलेले असत. दर पावसात ते वाहून जात आणि मग आठ-दहा दिवस मुलांना शाळा बुडवण्याचे सबळ कारण मिळे. पंचायतीच्या कागदावर तिथे साकव, म्हणजे लहानसा पूल, दोनदा मंजूर झाला होता. पहिल्या चित्रात मी सरपंचांना व्हाळाच्या अलीकडे आरामखुर्चीत बसवले, त्यांचे नाक थेट पलीकडच्या काठापर्यंत लांबवले आणि त्या नाकावरून दप्तरे घेतलेली मुले, टोपली घेतलेली कोळीण आणि एक बकरी अशी वरात चालत नेली. दुसऱ्या चित्रात आमचा लंगडत चालणारा पोस्टमन होता. त्याच्या एका पायाला मी चाक लावले होते.

हस्तलिखित बांधायला जाण्यापूर्वी बाबांनी ते वाचायला घेतले. पोस्टमनच्या पानाशी ते थांबले, आणि आवाज न चढवता त्यांनी विचारले, "याच्यापाशी तुझं काय काम अडलं होतं?" मला उत्तर देता आले नाही. त्यांनी ते पान पट्टी लावून नीट कापून काढले. सरपंचांच्या पानाकडे त्यांनी त्याहून जास्त वेळ पाहिले. आता हेही जाणार अशी माझी खात्री होती. नोकरीचा प्रश्न होता, काळ वाईट होता. पण ते एवढेच म्हणाले, "पाण्याला रंग द्यायला विसरलास."

चतुर्थीनंतर आठवड्याभराने दिवेलागणीला सरपंच आमच्या सोप्यावर येऊन बसले. आईने चहा आणला. पाऊस, भात, सुपारी असे सगळे बोलून झाल्यावर त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि खरोखरीच दुखावलेल्या माणसाच्या आवाजात विचारले, "मास्तर, म्हजें नाक खरेंच इतलें व्हडलें आसा?" मी दाराआड उभा होतो. बाबा म्हणाले, "नाक न्हय हो, व्हाळ व्हडलो आसा." दोघेही थोडा वेळ गप्प बसले. मग सरपंचांनी उरलेला चहा संपवला आणि ते उठले. पुढच्या वेळी मी वाचनालयात गेलो तेव्हा हस्तलिखितातले ते पान नव्हते. कोणी काढले हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. आपल्याकडे अशा गोष्टी अशाच होतात.

पण पान गेले तरी चित्र गेले नाही. तोवर ते वाड्यावरच्या प्रत्येकाने पाहिले होते, आणि ज्यांनी पाहिले नव्हते त्यांनी ऐकले होते. पुढच्या बैठकांत सरपंच बोलायला उभे राहिले की त्यांचा हात नकळत नाकाकडे जाई, आणि तो हात गेला की मागच्या बाकावर हलकीशी खसखस पिके. त्या आधी त्यांच्यासमोर बोलायची कोणाची प्राज्ञा नव्हती. ते दुष्ट होते असे नाही. जमीन त्यांची, देवळात मान त्यांचा, मुंबईला कामाला पाठवायची चिठ्ठी त्यांची. त्यांच्याविषयीचे लोकांचे मत माझ्या चित्राने बदलले नाही, कारण साकवाचे पैसे कुठे अडले याबद्दल ज्याचे त्याचे मत आधीच ठरलेले होते. बदलला तो धाक. जे मत आजवर विहिरीवर, न्हावीकाम चालू असताना, रात्री सोप्यावर दबक्या आवाजात बोलले जाई, त्याला एक नाक मिळाले, आणि ते नाक सगळ्यांना एकाच वेळी दिसले.

डेव्हिड लो या विख्यात ब्रिटिश व्यंगचित्रकाराने हुकूमशहांबद्दल याच अर्थाचे म्हणून ठेवले आहे: रक्तामांसाच्या चिखलातून चालणारा राक्षस म्हणून आपले चित्र निघाले तर हुकूमशहाला ते बोचत नाही, उलट त्याचा दरारा वाढतो, आपण गाढव आहोत ही कल्पना लोकांत पसरू नये एवढीच त्याची इच्छा असते. लोच्या चित्रांबद्दल हिटलरच्या सरकारने १९३७ साली ब्रिटनच्या लॉर्ड हॅलिफॅक्सकडे तक्रार केली होती. सैन्य, विमाने, तुरुंग, सगळे काही हाताशी असलेल्या राजवटीला लंडनच्या एका संध्याकाळच्या वर्तमानपत्रातली शाई खुपत होती. लोने काही काळ हात आवरता घेतला, हिटलर आणि मुसोलिनी यांची खिचडी करून एक तिसराच हुकूमशहा रंगवला, आणि युरोपातल्या घडामोडी हाताबाहेर जाऊ लागताच तो पुन्हा मूळ चेहऱ्यांवर आला. युद्ध काही त्याच्या चित्रांनी टळले नाही. व्यंगचित्रकाराचे सामर्थ्य मोजताना हे वाक्य विसरू नये असे मला वाटते.

बाबांना या साऱ्याची एवढी ओढ का होती, हे समजायला मुक्तीपूर्वीच्या गोव्याकडे जावे लागते. त्यांची पहिली तिशी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गेली. छापायचा प्रत्येक मजकूर आधी सेन्सॉरकडे न्यावा लागे. लग्नपत्रिकासुद्धा त्यांच्या डोळ्यांखालून जात, असे बाबा सांगत आणि त्यावर हसत. हसणे मात्र नंतरचे, १९६१ च्या डिसेंबरनंतरचे. 'भारत' पत्राचे संपादक गो. पुं. हेगडे देसाई यांच्यासारख्यांनी त्याही आधीच्या काळात लेखणीपायी खटले अंगावर घेतले होते, ते आमच्या घरात देवाच्या गोष्टींसारखे सांगितले जात. गंमत अशी की खुद्द पोर्तुगालकडे व्यंगचित्राची केवढी तरी परंपरा होती. राफाएल बोर्दालो पिन्येरू याने १८७५ साली 'झे पोव्हिन्यू' नावाचा एक गावठी, दाढीवाला, ढगळ कपड्यांतला इसम जन्माला घातला. कधी राज्यकर्ते त्याच्या पाठीवर खोगीर चढवून बसत, तर कधी तो हात कोपरात दुमडून त्यांना एक अत्यंत अशिष्ट खूण करी. लिस्बनने आपला सामान्य माणूस आर. के. लक्ष्मण यांच्या कितीतरी आधी कागदावर आणला होता. आमच्यापर्यंत लिस्बनहून फर्मान आले, सेन्सॉर आला, हा इसम तेवढा बोटीत चढला नाही.

लक्ष्मण यांचा सामान्य माणूस १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या चौकटीत उभा राहिला आणि अर्धशतकाहून अधिक काळ एक अक्षर बोलला नाही. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि डोक्यावर शेवटचे चार केस. बाबांच्या वहीत सर्वांत जास्त चित्रे त्याचीच आहेत. मुंबईचे वर्तमानपत्र फोंड्याला पोहोचेपर्यंत शिळे होई, पण शिळे झालेले चित्र बाबांना चाले. त्याच्याबद्दलचे माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते ऐकून बाबा रागावले असते. त्या गृहस्थाच्या गप्प राहण्यावर आपण फार प्रेम केले. मंत्री खोटे बोलतो, तो पाहतो. पूल कोसळतो, तो पाहतो. महागाई वाढते, त्याची बायको बोलते, तो पाहतो. रेषेच्या दृष्टीने ती चित्रे अजोड आहेत. ब्रशचा असा एकदाच, न अडखळता ओढलेला फटकारा मला तीस वर्षे फळ्यावर जमला नाही. पण सकाळी चहाबरोबर ते चित्र पाहून, हसून, 'खरे' असा शेरा मारून वर्तमानपत्र घडी करून ठेवणाऱ्या आमच्या साऱ्या वर्गाने त्या मौनात स्वतःची सोय पाहिली की काय, अशी शंका मला येते. झे पोव्हिन्यूची खूण अशिष्ट होती, पण ती खूण होती.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, वहीत 'मार्मिक'ची काही मुखपृष्ठे आहेत. गिरगावात राहणारे आमचे मामा ती पाठवत. बाळ ठाकरे आणि लक्ष्मण 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये एकत्र काम करत असत. ठाकऱ्यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी 'मार्मिक' सुरू केले आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेना. व्यंगचित्रकाराचा राजकारणावर प्रभाव पडतो का, या प्रश्नाला याहून ढळढळीत उत्तर जगात क्वचितच असेल: इथे चित्रकार राजकारणावर प्रभाव पाडायला गेलाच नाही, तो स्वतःच राजकारण झाला. त्यांची रेषा दमदार होती. दिल्लीकरांची आणि मुंबईतल्या काँग्रेस पुढाऱ्यांची त्यांनी काढलेली अर्कचित्रे पाहताना आजही हात शिवशिवतात. पण त्याच साप्ताहिकात 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली कंपन्यांतल्या दाक्षिणात्य नावांच्या याद्या छापून येत, आणि पुढे तो मथळा 'वाचा आणि उठा' असा झाला. मराठी तरुणाची बेकारी खरी होती, तिच्याकडे कोणी पाहत नव्हते हेही खरे होते. तरी यादीतला कारकून कोणत्या सिंहासनावर बसला होता? एका मुखपृष्ठाखाली बाबांनी 'खरे' लिहून ते खोडले आहे आणि 'अर्धे खरे' लिहिले आहे. ते खोडणे पाहून मला त्यांचा पोस्टमनबद्दलचा प्रश्न पुन्हा ऐकू आला.

खोडाखोड करण्याची सवय बाबांना तशी नव्हती. ते विलीनीकरणवादी होते, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे म्हणजे मगोचे मतदार, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचे भक्त. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात फुलावर शिक्का मारायचा की दोन पानांवर, एवढाच प्रश्न होता: फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन होणे, दोन पाने म्हणजे संघप्रदेश राहणे. मी सहा वर्षांचा होतो. आमच्या भिंतीवर मी कोळशाने फूल काढले होते आणि समोरच्या घरातल्या माझ्याच वयाच्या मित्राने त्यांच्या भिंतीवर दोन पाने. पुढे आयुष्यभर चित्रकला शिकवूनही एवढ्या परिणामाची रेघ मी ओढली नाही, कारण एका अख्ख्या प्रदेशाचे भवितव्य इतक्या साध्या दोन चित्रांवर ठरल्याची उदाहरणे जगात थोडीच असतील. १,७२,१९१ मते दोन पानांना पडली, १,३८,१७० फुलाला. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. पण फुलाने किंवा पानांनी कोणाचे मत बनवले असे कोणी म्हणणार नाही. मते सोप्यासोप्यावर आधीच पेटलेली होती. चित्राने त्यांना धरायला मूठ दिली. व्यंगचित्राचे कामही बरेचसे असेच चालते, असा माझा तर्क आहे.

आणीबाणीतल्या पानांवर वही विरळ होते. नेहरूंनी ज्यांना 'मला सोडू नका' असे सांगितले होते त्या व्यंगचित्रकार शंकर यांनी आपले 'शंकर्स वीकली' हे साप्ताहिक ऑगस्ट १९७५ मध्ये बंद केले. त्याच डिसेंबरात अबू अब्राहम यांचे एक चित्र 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये आले: राष्ट्रपती न्हाणीघराच्या टबमध्ये बसले आहेत, सही केलेला कागद दाराबाहेर देत आहेत, आणि आणखी अध्यादेश असतील तर जरा थांबायला सांगा, असे म्हणत आहेत. हे चित्र सेन्सॉरच्या नजरेतून कसे सुटले याचे आजही नवल केले जाते. बाबांच्या वहीत ते नाही. त्यांना ते मिळाले नसेल, किंवा मिळाले असले तरी सरकारी मास्तरने ते चिकटवून ठेवण्याचे धाडस केले नसेल. तरीही पुढच्याच वर्षी त्यांनी माझे पान कापले नाही, ही गोष्ट मला साठी ओलांडल्यावर, ती वही हातात घेऊन माळ्याच्या शिडीवर बसलो असताना उमगली.

रेषा सुटली की तिचा अर्थ चित्रकाराच्या हाती राहत नाही, हे २०१२ साली आपण पाहिले. शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेले, संविधानाच्या संथ गतीवरचे एक चित्र एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात होते: गोगलगायीवर आंबेडकर बसले आहेत आणि मागे नेहरू चाबूक उगारून उभे आहेत. संसदेत गदारोळ झाला, पुस्तकाच्या सल्लागारांपैकी सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पळशीकरांच्या पुण्यातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोड निषेधार्हच. पण मी वर्गात ते चित्र दाखवून 'पाहा, किती सौम्य विनोद' असे म्हटले होते, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने मान खाली घातलेली मला आठवते. मला गोगलगाय दिसत होती. त्याला चाबूक दिसत होता. ज्याच्या घराण्याच्या पाठीने चाबूक सोसला आहे त्याला चित्रातली कोणती वस्तू आधी दिसेल, हा विचार चाळीस मिनिटांच्या त्या तासात माझ्या मनाला शिवला नव्हता.

आता गोव्याचे. एवढ्या विनोदी, एवढ्या राजकारणवेड्या प्रदेशाने घणाघाती राजकीय व्यंगचित्र फारसे का पोसले नाही? उपहास आपल्या रक्तात आहे. पेडण्याच्या जत्रेत दशावतारी काला लागला की काळ्या कपड्यांतला संकासुर गावातल्या मातब्बरांची बिनदिक्कत फिरकी घेतो, तियात्र या कोकणी नाटकातल्या कांतारांत, म्हणजे गाण्यांत, मंत्र्यांची सालटी निघतात आणि मंत्री पहिल्या रांगेत बसून टाळ्या देतात. पण संकासुराला बुरखा असतो आणि रात्र सरली की तो संपतो. कागदावरची रेषा सकाळी उजेडात, सहीसकट, सगळ्यांच्या हातात असते. आपल्या चाळीस मतदारसंघांत आजही एकेकी जेमतेम पंचवीस-तीस हजार मतदार. आमदार लग्नाला येतो, बाराव्याला येतो, चतुर्थीत गणपतीवर बांधलेली फळाफुलांची माटोळी पाहून जातो, मुलाच्या नोकरीचा अर्ज त्याच्याच हाती असतो. त्याचे नाक लांब काढायचे आणि संध्याकाळी त्याच नाकासमोर देवळात प्रसाद घ्यायचा, याला वेगळ्या जातीचे काळीज लागते. व्यंगचित्रकाराला थोडे अंतर हवे असते, आणि गोव्यात अंतर ही सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे.

मारिओ मिरांडा यांच्याकडे पाहताना मला हे विशेष जाणवते. १९२६ साली दमणला जन्मलेला, लोटलीच्या जुन्या वाड्यात वाढलेला हा माणूस. पाद्रींची चित्रे काढून शाळेत अडचणीत आला होता म्हणतात, म्हणजे धार जन्मजात होती. मुंबईला गेल्यावर 'इलस्ट्रेटेड वीकली', 'इकॉनॉमिक टाइम्स' यांतून त्यांनी मंत्री बंडलदास उभा केला, मिस निंबूपाणी आणि मिस फोन्सेका उभ्या केल्या. दिल्ली-मुंबईच्या सत्तेचा गलेलठ्ठपणा त्यांनी मनसोक्त काढला. पण गोव्याचे चित्र काढताना त्यांची रेषा मऊ होई. बाजार, तावेर्न, लग्नाची वरात, पाद्री, कुत्री, खिडकीतल्या बायका. चेष्टा आहे, पण मायेची. घरच्यांची थट्टा करावी तशी. आज ती चित्रे कपांवर, फरशांवर, पर्यटकांच्या बनियनांवर आहेत आणि पणजीच्या बाजाराच्या भिंतींवरही. बंडलदास कपावर सहसा दिसत नाही.

मारिओंचे मला सर्वांत आवडणारे काम पणजीच्या कांपालला आहे. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर सभागृहात भिंतींवर त्यांनी जुन्या नाटकगृहाचे सज्जे रंगवले आणि त्यांत प्रेक्षक बसवले. मराठी नाट्यस्पर्धेसाठी आम्ही फोंड्याहून तिथे जात असू. रंगमंचावर कोणी तरी तावातावाने क्रांतीचे संवाद म्हणत असे, आणि भिंतीवरचे ते जाडे भाटकार म्हणजे जमीनदार, पंखेवाल्या बायका, पेंगणारे म्हातारे आम्हाला, खऱ्या प्रेक्षकांना, वरून पाहत असत. एकदा स्पर्धेच्या उद्घाटनाला मंत्रिमहोदय फार वेळ बोलले. माझ्या शेजारचा माणूस भिंतीवरच्या एका पेंगणाऱ्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून हसला, मग मी हसलो, मग आमची आख्खी रांग. मारिओंनी त्या मंत्र्याचे चित्र काढले नव्हते. तरी त्या संध्याकाळी ते त्यांनीच काढलेले होते.

अलीकडे तर आपले राजकारण व्यंगचित्रकाराच्या पोटावरच पाय देते. २२ जानेवारी २०२२ रोजी काँग्रेसच्या ३४ उमेदवारांना बसमधून देऊळ, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. निवडून आलेल्या ११ जणांपैकी ८ जण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात भाजपमध्ये गेले. आपण पुन्हा देवाला विचारले आणि त्याने योग्य वाटेल ते कर असे सांगितले, असा खुलासा त्यांच्यातल्या एका ज्येष्ठाने पत्रकारांकडे केला. यावर चित्र काय काढणार? मथळा लिहून झालेला, पात्रे स्वतःहून पोशाखात उभी. उड्या मारण्याची मिरासदारी एका पक्षाची नाही. नव्वदच्या दशकात गोव्यात मुख्यमंत्री ऋतूंसारखे बदलत आणि तेव्हाही लोक हसत. हसूनही धाक जात नाही तो इथे, कारण ज्याला लाजच नाही त्याला गाढव म्हटले काय आणि नाही म्हटले काय. डेव्हिड लोच्या हुकूमशहांना निदान आपली अब्रू होती. दरम्यान फोनवर दिवसाला पन्नास चित्रे येतात, निम्मी कोणत्या तरी पक्षाच्या कचेरीतच तयार झालेली, आणि त्यांचे चाक बहुधा कुणा पोस्टमनच्या पायाला लावलेले असते.

आमचा साकव १९७९ साली झाला. माझ्या चित्रामुळे झाला असे मी म्हणणार नाही. निवडणूक तोंडावर होती, आणि त्या आधीच्या पावसात एक गाय वाहून गेली होती, तिचा परिणाम चित्राहून नक्कीच जास्त झाला असेल. उद्घाटन सरपंचांनीच केले. नारळ फोडताना त्यांचा हात एकदा नाकाकडे गेला आणि त्यांनी तो मध्येच खाली घेतला, हे मी पाहिले. त्यांना जाऊन आता वीस वर्षे होत आली. ते पान त्यांच्याच घरी होते की कोणी दुसऱ्यानेच फाडले, ते कधी समजले नाही. बाबांच्या वहीत मी शेवटच्या पानापर्यंत शोधले, तिथेही नाही.

व्हाळाला आता फारसे पाणी नसते आणि साकवाचाही रुंद पूल झाला आहे. पंचायतीने त्याला एका स्वातंत्र्यसैनिकाचे नाव दिले आहे, तशी पाटीही आहे. परवा वही बांधून घ्यायला फोंड्याला निघालो होतो. पुलाजवळ बस हळू झाली आणि मिसरूडही न फुटलेला कंडक्टर पायरीवर लोंबकळत ओरडला, "नाकाचो सांकव, नाकाचो सांकव, कोण देंवता?" दोन मुली उतरल्या. कोणी हसले नाही. मी त्याला विचारले, नाकाचा का म्हणतात रे याला? त्याने जरा विचार केला आणि पुलापुढच्या वळणाकडे बोट करून तो म्हणाला की रस्ता तिथे नाकासारखा वळतो ना, म्हणून.